आईला कोण नेतं

दिलसुखनगर
५ मे २०२५

युवराज,

दादा लिहिणार नाही. लिहायला घेतलं, मग खोडलं.

काल तू पेढे घेऊन आलतास. आईसमोर बसून तिच्याकडून पाठ करून घ्यायलतास, आणि मी आत भांडी घासायलते. नळ बंद केला की आपल्या घरात सगळं ऐकू येतं. इंजिनिअरिंगची चार वर्षं आमच्या बाहेरच्या खोलीत राहिलास तरी तुला हे माहीत नाही. कानात सतत ते इयरफोन, कसं माहीत असणार.

तू म्हणलास, "आत्या, इन्स्टिट्यूटमधून प्रणिता मॅडमचा फोन येईल. माझ्या पीएचडीचं त्यांच्याच हातात आहे. त्यांनी विचारलं, डायलिसिसला कोण नेतं, तर म्हणायचं युवराज नेतो. पहिल्यापासून तोच."

आई म्हणली, "हिंदीत सांगू का तेलुगूत?" आणि तुम्ही दोघं हसलात. मग आईने म्हणून दाखवलं, "हौ मॅडम, इसीच ने लेके जाता मेरे कू, बेटे सरीखा." तू म्हणलास, एकदम बरोबर. आणि परत म्हणून घेतलंस. पहिलीतल्या पोराकडून कविता घेतात तसं.

मला तेव्हाच बाहेर येऊन बोलायचं होतं. आले नाही. म्हणून लिहायले. फोनवर लिहिलं की तू स्क्रीनशॉट काढून मामाला पाठवतोस, मागे पाठवलतास. हा कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवते. पप्पा हिमायतनगरला बँकेत ड्युटीला जाताना तुझा जेवणाचा डबा रूमवर देतात, त्यातून येईल. त्यांना काही माहीत नाही.

आईला डायलिसिसला तू नेतोस का? तू? मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे कोण उठतं, ऑटोवाल्याशी कोण भांडतं, मशीन चालू असताना स्टुलावर कोण बसतं, हे तुला माहीत आहे. आईला पण माहीत आहे. तरी पाठ करायली.

मॅडमचा फोन येऊ दे. मी सांगणार आहे.

निशिगंधा


हिमायतनगर
८ मे

निशी,

आधी शांत हो. तुझं अक्षर बघून कळतं की पेन कागदात घुसवून लिहिलंस.

तुला वाटतं तेवढं हे सोपं नाही, आणि तुला कॉलेजचं काही माहीत नाही म्हणून समजावून सांगतो. माझे डिग्रीचे मार्क वाईट आहेत. बॅकलॉग होते, ते उशिरा निघाले. पीएचडीला असे मार्क बघितले की फॉर्म बाजूला टाकतात. पण पुढची दोन वर्षं मी लॅबमध्ये राबलो. घाण पाणी गाळायचे बारीक पडदे असतात, त्यावर काम केलं. एंट्रन्समध्ये नंबर चांगला आला. फक्त ते जुने मार्क नडत होते. फॉर्ममध्ये विचारतात, मार्क कमी का, कारण लिहा. तिथं मी काय लिहायला पाहिजे होतं? मन लागत नव्हतं? असं कोणी लिहितं का?

मी लिहिलं, घरी आत्या आजारी होती, तिचं मलाच बघावं लागलं. खोटं काय आहे त्यात? मी त्याच घरात होतो. ती आजारी पडली तेव्हा मी थर्ड इयरला होतो. घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली, जेवायला वेळ नाही, अभ्यासाला जागा नाही. मला काहीच झालं नाही असं वाटतं का तुला?

इंटरव्ह्यूमध्ये मॅडमनी विचारलं, हाच विषय का? मी सांगितलं, आत्याच्या मशीनशेजारी बसून रोज बघायचो, रक्त त्या बारीक नळ्यांतून कसं गाळलं जातं. तिथंच डोक्यात आलं. पाच जण बसले होते, सगळे गप्प झाले. त्यानंतर मार्कांचं कोणी काढलं नाही.

आता फक्त मॅडमचा फोन राहिला आहे. त्या स्वतः म्हणाल्या, आत्यांशी बोलायचं आहे. एवढा एक फोन झाला की झालं. तुला काहीच करायचं नाही. नाहीतरी तू फोन घेतच नाहीस. फक्त गप्प बस, जशी नेहमी बसतेस.

वरणात मीठ फार होतं. मुद्दाम टाकलंस का?

युवराज


दिलसुखनगर
१२ मे

मीठ मुद्दाम टाकलं. आज पण टाकलंय. आईच्या वरणात मीठ नसतंच, दोन पातेली वेगळी करते मी. आईला मीठ चालत नाही हे तुझ्या मॅडमने विचारलं तर सांगता येईल ना तुला? सांगून ठेवते.

मशीनशेजारी बसून बघायचास म्हणे. अरे हौल्या, तू ते मशीन बघितलं तरी आहेस का? ते जे नळकांडं असतं, आत केसासारख्या नळ्या, रक्त गेलं की लाल होतात आणि धुतल्या की परत पांढऱ्या, ते मी सांगितलतं तुला. तू खाटेवर पडून मॅच बघायलतास, ताट छातीवर ठेवून. म्हणलास, "छी, जेवताना कायकू सांगायलीस." तेच तू तिथं जाऊन सांगितलंस. आणि पाच जण गप्प झाले. माझ्यावेळी तर तू आवाज वाढवलतास, टीव्हीचा.

आणि अभ्यासाला जागा नाही म्हणतोस. बाहेरची खोली पूर्ण तुझी होती. पप्पा स्वयंपाकघरात झोपायचे.

तू एकदा नेलंस आईला. तेवढं लिहिते, नाहीतर म्हणशील खोटं बोलते. मला चिकनगुनिया झालता, उठता येत नव्हतं. तू नेलंस, आणि लिफ्टपुढे आईला व्हीलचेअरवर ठेवून खाली गेलास. तुझ्या कॉलेजातल्या त्या शिल्पाचा फोन आलता. वर येईपर्यंत आईचा नंबर गेला. तिचं मशीन दुसऱ्याला दिलं. दुसऱ्या दिवशी तिचे पाय एवढे सुजले की चप्पल जाईना, आणि बोलताना दम लागायला. आई तरी काय म्हणली? "युवीला काय माहीत गं, मुलगा आहे."

ते पण सांगणार आहे मॅडमला. लिफ्टचं.

नि.


हिमायतनगर
१५ मे

निशिगंधा,

आता तू सुरू केलंच आहेस तर मी पण बोलतो. मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, आत्याला पण नाही.

तू सगळ्या गल्लीत काय सांगतेस? आईच्या आजारपणामुळे शाळा सोडावी लागली. शेजारच्या सुशीलाबाई तुझ्या डोक्यावरून हात फिरवतात, किती गुणाची पोर. देगलूरहून माझे बाबा आले की हजारदा तेच. गुणाची पोर.

तू शाळा आत्या आजारी पडायच्या आधी सोडलीस. मी त्याच घरात होतो, विसरलीस का? सकाळी युनिफॉर्म घालून निघायचीस आणि मेट्रोच्या जिन्याखाली बसून दुपारी घरी यायचीस. मी स्वतः बघितलं, कॉलेज बुडवून येत होतो तेव्हा. वर्गात उभं करून वाचायला सांगितलं आणि तुझ्या तोंडून शब्द निघाला नाही, पोरी हसल्या, म्हणून. दसऱ्यानंतर तू एकदाही गेली नाहीस. आत्याचं आजारपण निघालं संक्रांतीला. मधल्या दिवसांचं काय?

म्हणजे मी आत्याचं कारण सांगितलं तर मी चोर, आणि तू तेच सांगितलंस तर गुणाची. माझे मार्क आधीच गेले होते, तुझी शाळा आधीच गेली होती. आपण दोघांनी एकच केलं. फरक एवढाच की मला त्यातून काहीतरी मिळायला लागलं आणि तुला ते बघवत नाही.

आणि मॅडमला तू सांगणार? तू? गॅसवाल्याचा फोन आला की सुशीलाबाईंच्या हातात नेऊन देतेस. दुकानात रिचार्ज सांगायला चिठ्ठी लिहून नेतेस. प्रणिता मॅडम इंग्लिशमध्ये एक वाक्य बोलल्या की तू फोन खाली ठेवशील. मला तुझी भीती वाटत नाही.

युवराज


दिलसुखनगर
१९ मे

जिन्याखाली बसायचे. हौ. तू तिथून गेलास तेव्हा मी पण तुला बघितलतं. तू मला हात केलास आणि पुढे गेलास. कुणाला सांगितलं नाहीस तेव्हा मला बरं वाटलतं. आता कळलं, जपून ठेवलतास.

शाळा मी कशाने सोडली ते माझं मला माहीत. लोक काय म्हणतात ते मी सांगितलेलं नाही, त्यांनीच ठरवलं, मी नाही म्हणले नाही एवढंच. धर मला चोर. पण त्यानंतर हॉस्पिटलला मी गेले. ते तर झालं ना? तुझं काय झालं? तू कारण पण माझं घेतलंस आणि केलेलं पण माझंच घेतलंस. माझ्याकडे दुसरं काही नाही दाखवायला. तुझ्याकडे लॅब आहे, नंबर आहे. माझ्याकडे हे एकच आहे, आणि तू ते पाच लोकांसमोर स्वतःचं म्हणून ठेवलंस.

फोनवर बोलता येईल का नाही ते बघू. तू त्याची काळजी करू नको.

परत लिहू नकोस. डब्यात चिठ्ठी आली तर न वाचता चुलीत घालेन. चूल नाही आमच्याकडे, पण काहीतरी करेन.


हिमायतनगर
२७ मे

निशी,

वाचशील की नाही माहीत नाही. रविवारी आलो तर तू स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंस. आत्या म्हणाली, डोकं दुखायलं तिचं. मला माहीत आहे कशाने दुखायलं.

मॅडमचा फोन शनिवारी येणार. तू खरंच बोलशील असं आता मला वाटायला लागलंय. दोन दिवस झोप नाही.

मागच्या चिठ्ठीत जास्त बोललो. जिन्याचं काढायला नको होतं. पण तू लिफ्टचं काढलंस.

ऐक. ही सीट गेली तर माझं काय आहे? पुढच्या वर्षी वय, गॅप, आणि तेच मार्क. लॅबचं काम जूनला संपतं. बाबा म्हणतील गावाकडे ये, दुकानात बस. मामाच्या पोराचं वाटोळं केलं म्हणून आत्या तुला जन्मभर ऐकवेल. तुला तेच पाहिजे का?

मी असं करतो. थीसिस झाला की पहिल्या पानावर आभार असतात. तिथं तुझं नाव टाकतो. पूर्ण नाव, निशिगंधा हणमंतराव. सगळ्यांच्या आधी. पुस्तक कायमचं लायब्ररीत राहतं. तू म्हणालीस ना दाखवायला काही नाही.

आणि दहावीचं बाहेरून बसायचं असेल तर मी फॉर्म भरून देतो. पाहिजे तर शिकवतो पण. फक्त शनिवारी गप्प राहा. एक दिवस.

तुझा
युवराज दादा


दिलसुखनगर
१ जून

युवराज,

तू कालपासून आईला फोन करायलास आणि आई तुला सगळं "छान झालं, छान झालं" एवढंच सांगायली. तिला अर्धं कळलं नाही. म्हणून मी लिहिते काय झालं ते. शेवटपर्यंत वाच.

आईने सकाळीच आंघोळ करून ती हिरवी साडी नेसली. फोनला काय दिसणार आहे, मी म्हणले. "असू दे, मोठ्या बाईंशी बोलायचंय." फोन स्पीकरवर ठेवला, तसाच ठेवते ती, सगळ्या मजल्याला ऐकू जातो. मी दाराला टेकून उभी होते.

मॅडमचा आवाज मऊ आहे. मला वाटलतं कडक असेल. म्हणल्या, "अम्मा, तबियत कैसी है?" आईने तबियतीचं काही सांगितलंच नाही. धडाधड पाठ केलेलं म्हणायला लागली. "हौ मॅडम, इसीच ने लेके जाता मेरे कू. मेरे भाई का बेटा है लेकिन बेटे से जास्ती. सुबू सुबू उठता, ऑटो लाता, पूरा टाइम बाजू में बैठता."

मॅडम म्हणल्या, "घर में और कौन है, अम्मा?"

आई म्हणली, "मेरे आदमी बँक में है. एक बेटी है. घर पेच रहती. कुछ नै करती."

माझ्याकडे बघत म्हणली. रागाने नाही. तू शिकवलेलं नव्हतं हे, तिने स्वतःच जोडलं, गोष्ट नीट बसावी म्हणून.

मी पुढे आले. खरं सांगणारच होते. भीती होती, तू लिहिलतंस तशीच. पण मी बोलायच्या आधी मॅडमच बोलल्या. काय म्हणल्या ऐक. म्हणल्या, "युवराज की सीट तो हो गई है अम्मा, सोमवार को मेल जाएगा. मार्क्स का भी सब हो गया. मैंने इसके लिए फोन नहीं किया." तू आईला पेढे खाऊ घालून पाठ करून घेतलंस ते उगाचंच. त्यांना ते विचारायचंच नव्हतं.

त्यांना काळजी लागली होती. तुला आता हॉस्टेलला राहावं लागणार, लॅबला सकाळपासून थांबावं लागणार. मग अम्माला हॉस्पिटलला कोण नेणार? दोन दिवस तेच डोक्यात होतं म्हणे त्यांच्या. त्यांच्या आईचं पण असंच काहीतरी होतं, त्या तेव्हा बाहेरच्या देशात होत्या. "यह काम छूटना नहीं चाहिए," म्हणल्या. "कौन से दिन जाना पड़ता है?"

हे तू शिकवलं नव्हतंस. आई माझ्याकडे बघायली, बस स्टँडवर पिशवी हरवल्यासारखी.

मी फोन उचलला. स्पीकर बंद केला. म्हणले, "मॅडम, मैं निशिगंधा. बेटी."

"हाँ बेटा, बोलो."

तेवढ्यात मी विचार केला. किती पटकन होतो विचार, शाळेत कधी झाला नाही. मी खरं सांगितलं तर काय होईल? तुझी सीट जाईल. तू रडशील. मामा इथं येऊन आईला वाटेल ते बोलेल. आई मला बोलेल. आणि मंगळवारी पहाटे उठून आईला घेऊन कोण जाईल? मीच जाईन.

मी म्हणले, "मंगल और शुक्रवार, मॅडम. सुबू जल्दी जाना पड़ता. दोपहर तक चलता. युवराज दादाच जाता हमेशा. दूसरा कोई नै है."

त्या म्हणल्या, "आप नहीं जा सकती कभी?"

मी म्हणले, "मैं घर पेच रहती, मॅडम. कुछ नै करती."

मॅडम म्हणल्या, ठीक आहे, मंगळवार-शुक्रवार तू दुपारनंतर लॅबला यायचं. रात्री जास्त थांबून भरून काढायचं. लॅबच्या फळ्यावर लिहून ठेवणार आहेत, म्हणजे बाकीचे त्या दिवशी तुला सकाळी बोलावणार नाहीत. आणि आईचा नंबर सेव्ह केला. "कभी वो नहीं आया तो मुझे सीधा फोन करना," असं मला म्हणल्या. मला. मी नंबर लिहून घेतला.

इंग्लिशमध्ये एकच वाक्य बोलल्या, शेवटी. टेक केअर. तेवढं येतं मला.

फोन ठेवल्यावर आई म्हणली, "अगं, तू काय सांगून बसलीस?" मी म्हणले, तू सांगितलंस तेच. ती थोडा वेळ साडीचा पदर घडी करत बसली. मग म्हणली, "आपल्या घरातला पोरगा पुढं जायला, त्यात तुझं काय गं जातंय?" मी म्हणले, "माझंच गेलं ना आई."

सीट मिळाली. अभिनंदन.

निशिगंधा


हिमायतनगर
९ जून

तू हे मुद्दाम केलंस. तू मला सरळ बुडवलं असतंस तर मी समजून घेतलं असतं.

तुला कळतं का तू काय केलंस? पहिल्या वर्षी सकाळी क्लास असतात. लॅबमधली मोठी मशीन सकाळीच मिळतात, दुपारी सीनियर घेऊन बसतात. आठवड्यातले दोन दिवस गेले तर मी मागे पडणार, परत मागे. आणि इन्स्टिट्यूटपासून दिलसुखनगरला पहाटे यायचं म्हणजे मी उठायचं कधी?

परवा कागदपत्रं द्यायला गेलो तर ऑफिसमधला माणूस पण विचारतो, "अम्मा कैसे हैं?" मी त्याला ओळखत पण नाही. मॅडमनी सगळ्यांना सांगितलंय. फळ्यावर माझ्या नावापुढे दोन दिवस लाल रंगाने लिहिलेत.

मी मॅडमला म्हणालो, माझी आत्येबहीण पण नेऊ शकते कधीकधी, ती मोकळीच असते. त्या म्हणाल्या, किती वर्षांची आहे? म्हणालो सतरा. त्या म्हणाल्या, मग ती शाळा-कॉलेजला का नाही? त्या माझ्याकडे असं बघायला लागल्या की मी विषयच बदलला.

आता एकच मार्ग आहे. मॅडमचा नंबर आहे ना तुझ्याकडे. फोन कर आणि सांग की तूच नेतेस. खरं तेच आहे. हळूहळू सांग, म्हणजे मी मधे मधे जायचो असं वाटेल. खरं सांगायला तुला काय होतंय? तुलाच सांगायचं होतं ना?

युवराज


दिलसुखनगर
३० जून

युवराज,

उत्तर द्यायला उशीर केला, कारण तुझी चिठ्ठी मला परत परत वाचायची होती. "खरं सांगायला तुला काय होतंय." मी आईला पण वाचून दाखवणार होते, मग नको म्हणले.

खरं तू सांग. तुझ्या मॅडम आता रोज तुझ्यासमोर असणार. दार ढकलायचं आणि सांगायचं. मी अडवलेलं नाही. पप्पांनी मला काल विचारलं, हे काय चाललंय तुमचं डब्यातून. मी म्हणले, दादा नेणार आता आईला. पप्पा म्हणले, "त्याला जमेल का?" मी म्हणले, माहीत नाही.

आई खुश आहे. सगळ्या मजल्याला सांगून आली. सुशीलाबाईंना म्हणली, "माझा युवी पीएचडी करून पण मला नेणार आहे." सुशीलाबाई माझ्याकडे बघून म्हणल्या, मग ही काय करणार? आई म्हणली, "झोपेल की." मी काय करणार ते तू पण विचारू नकोस. झोपेन, नाहीतर आणखी काही. तुला शिकवायला बोलावणार नाही.

उद्या मंगळवार. तुझा पहिला दिवस, तिकडचा पण आणि इकडचा पण. मॅडमनी ठरवलंय ना, पहले अम्मा, फिर लॅब. आला नाहीस तर मी त्यांना फोन करेन. भीती जाते एकदा बोललं की, हे मला आता कळलंय.

उजेड व्हायच्या आधी ये. बेल वाजवू नको, खालच्या मजल्यावरचे शिव्या देतात. आई तयार असेल. पायऱ्या उतरताना तिच्या उजव्या बाजूला राहा. डाव्या हाताची ती नस ऑपरेशन करून सुई लावायला केलेली आहे, तो हात कोणी ओढायचा नाही, तिथं बीपी बघायला पट्टा लावू द्यायचा नाही. नवीन सिस्टर असली की विसरते, तू सांगायचं. तोंड आहे ना तुला. पाच जणांसमोर चालतं, तिथं पण चालव.

तिला ऑटोत उलटी होते कधीकधी, पिशवी जवळ ठेव. ऑटोवाला जास्त मागेल, दे आणि बस, भांडायला तुला येत नाही. आत गेल्यावर आधी वजन करतात, ती चप्पल घालूनच उभी राहते, काढायला लाव. पाणी मागेल. दोन घोट, जास्त नाही. रडेल त्यावर, रडू दे. मशीन सुरू झालं की ती देगलूरच्या गोष्टी सांगते, तुझ्या बापाच्या लहानपणीच्या. मी सगळ्या ऐकल्यात. तुला नवीन असतील. स्टूल एका पायाने हलतं, भिंतीकडे टेकवून बस. कानात काही घालू नकोस.

आणि लिफ्टपुढे ती एकटी थांबणार नाही. तुझी बाही धरून ठेवेल. त्या दिवसापासून कोणाबरोबर पण गेली तरी तसंच करते. हसू नको तिला.

एक राहिलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुझ्या मॅडमला सांगायला वापरू नको. पहिली सुई लावताना ती काही बोलत नाही. दुसरी सुई आली की डोळे मिटून उजवा हात बाजूला करते. कोण बसलंय ते बघत नाही. बोटं पकडते आणि पिळते, खूप जोरात, अंगठी असेल तर ती रुतते. तुला दुखेल. हात काढून घेऊ नकोस.

निशिगंधा